केस, कॉस्टिक सोडा आणि माणूसपण

अमेरिकेतली एखादी काळी बाई एके दिवशी आरशासमोर उभी राहते, कात्री घेते, आणि मुळाशी इंच-दोन इंच ठेवून डोक्यावरचे सगळे लांब सरळ केस कापून टाकते. तिकडं याला 'बिग चॉप' म्हणतात. कापले ते तिचेच केस, पण औषधानं सरळ केलेले. उरलेत ते औषध न लागलेले. घट्ट कुरळे, स्प्रिंगसारखे, जन्माचे. बाई तीस-पस्तीस वर्षांची असते आणि स्वतःचे केस जाणत्या वयात पहिल्यांदाच बघत असते. कारण सात-आठ वर्षांची असल्यापासून दर दोन महिन्यांनी तिच्या डोक्याला ते औषध लागत आलेलं असतं.

हा विषय आपल्या अंकात कशाला, असं कुणी विचारील. पार्लरचं सदर चालू केलं काय? नाही मित्रांनो. यात एक प्रश्न आहे जो आपल्या घराघरात १९५६ पासून बसलेला आहे. नकार एका दिवसात देता येतो. देव एका सकाळी नदीत सोडता येतात. देव्हारा काढल्यावर भिंतीवर जो पांढरा चौकोन उरतो, त्याचं काय करायचं? ते शिकायला किती वर्षं लागतात? आणि शिकवणार कोण?

आधी ते औषध काय चीज आहे ते बघा. नाव गोंडस, 'रिलॅक्सर'. आत सोडियम हायड्रॉक्साइड. म्हणजे आपला कॉस्टिक सोडा. साबण करायला लागतो तो, तुंबलेली मोरी मोकळी करायला लागतो तो. केसाला वळण देणारे गंधकाचे जोड असतात, ते हा सोडा तोडतो आणि केस लुळा पडतो. लुळा पडला की सरळ. डोक्याच्या कातडीला आधी व्हॅसलिन फासायचं, मग मलम लावायचं, आग व्हायला लागली की धुवायचं. उशीर झाला तर फोड आणि खपल्या. नंतर 'सौम्य' प्रकार निघाला, त्यात सोड्याऐवजी चुना दुसऱ्या एका रसायनात कालवतात. पण केस महिन्याला अर्धा इंच वाढतो, आणि नवा केस पुन्हा कुरळाच येतो. तो काही ऐकत नाही. म्हणून पुन्हा मलम, पुन्हा आग. जन्मभर.

माल्कम एक्सनं आत्मचरित्रात आपल्या पहिल्या 'काँक'ची हकिकत सांगितलीय. पोरगेला होता, बॉस्टनमध्ये. लाय म्हणजे हाच सोडा, त्यात अंडी आणि बटाटे कालवून दोस्तानं त्याच्या डोक्यावर थापलं. डोकं पेटलं. धुतल्यावर आरशात बघून तो खूश झाला, गोऱ्यासारखे केस! पुढं तोच माणूस त्या खुशीकडं वळून बघतो आणि म्हणतो की स्वतःला हीन करण्याचं माझं ते पहिलं मोठं पाऊल होतं. पुस्तक १९६५ साली, त्याचा खून झाल्यावर बाहेर आलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचा.

पण माल्कमचं वाचून लगेच केस सरळ करणाऱ्या बायकांवर तोंड टाकू नका. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो. सारा ब्रीडलव्ह नावाची मुलगी १८६७ साली लुइझियानात जन्मली. आईबाप गुलामीतून नुकतेच सुटलेले, घरातलं स्वतंत्र जन्मलेलं पहिलं मूल ती. सातव्या वर्षी पोरकी, विसाव्या वर्षी विधवा, लोकांची धुणी धुऊन जगणारी. डोक्याचे केस गळायला लागले म्हणून ती मलमांच्या मागे लागली आणि त्यातून मॅडम सी. जे. वॉकर झाली. हजारो काळ्या बायकांना तिनं मलम आणि तापवलेला कंगवा विकायचा धंदा शिकवला. ज्या बायकांपुढं धुणं नाहीतर भांडी एवढंच होतं त्यांच्या हातात स्वतःची मिळकत आली. काळ्यांच्या झुंडबळींविरुद्धच्या चळवळीला तिनं मरायच्या वर्षी, १९१९ साली, पाच हजार डॉलर देऊ केले. १९१६ साली बाबासाहेब न्यूयॉर्क सोडून लंडनला गेले आणि त्याच वर्षी वॉकरबाई न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहायला आल्या. कोलंबिया विद्यापीठापासून हार्लेम म्हणजे चालत जायचं अंतर.

तिला काय म्हणायचं मग? गोऱ्यांची दलाल? असं म्हणणाऱ्यानं आधी एक हंगाम लोकांची धुणी धुवावीत. कुरळ्या केसांनी काम मागायला गेलं की दार बंद, सरळ केसांनी गेलं की निदान फटीएवढं उघडं. आपल्याकडं काय वेगळं होतं? भाड्याची खोली बघायला गेल्यावर आडनाव गिळणारी माणसं तुमच्याआमच्यात किती आहेत? गावाच्या नावावरून नवं आडनाव घेणारी किती? आडनाव बदलणं हा आपला रिलॅक्सर आहे. त्याचीही आग होते, फक्त फोड बाहेर दिसत नाहीत. आणि नवा केस मुळाशी येतोच. कुणीतरी विचारतंच, "मूळचे कुठले म्हणालात?"

सरसकट बरोबरी मात्र करू नका. आपली जात केसात दिसत नाही. कुरळे केस सगळ्या जातींत असतात. माझेही कुरळे आहेत. शाळेत एक बाई म्हणायच्या, केस विंचरत जा गं, वस्तीतून उठून आल्यासारखी दिसतेस. वस्तीतूनच उठून आले होते की! तेल थापून, दोन घट्ट वेण्या घालून माझी सुटका झाली. काळ्या मुलीची तशी होत नाही. तिला गिळायला आडनाव नाही, तिची खूण डोक्यावर उघडी आहे. हा फरक ध्यानात ठेवून पुढं वाचा.

१९६०च्या दशकात तिथली तरुण पोरं उठली आणि केस तसेच वाढवायला लागली. गोल, मोठे, डोक्याभोवती काळ्या सूर्यासारखे. आफ्रो. ब्लॅक पँथरच्या पोरापोरींचे फोटो तुम्ही पाहिलेत, १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी नाव घेतलं ते त्यांच्याचवरून. अँजेला डेव्हिसचा आफ्रो तर जगभर भिंतींवर लागला. १९७० साली तिच्या नावानं 'पाहिजे आहे'ची पत्रकं लागली, आणि तशाच केसांच्या कितीतरी बायकांना पोलिसांनी नुसत्या केसांवरून अडवलं. १९७२ साली ती निर्दोष सुटली. पुढं १९९४ साली तिनंच एक लेख लिहिला. तिची तक्रार अशी की आपण काय लढलो ते नव्या पोरांना ठाऊक नाही, लक्षात राहिलाय तो आपला आफ्रो. तुरुंग गेला, तत्त्व गेलं, केशरचना उरली. निळं उपरणं घालून फोटो काढणाऱ्या आपल्या दोस्तांनी हे जरा थांबून वाचावं.

झेंडा वर चढवणं सोपं. तो धुवायचा, वाळवायचा, शिवायचा कुणी? मला खरं कुतूहल आहे ते कात्री खाली ठेवल्यानंतरच्या सकाळचं. बाई उठते, डोक्याला हात लावते, आणि हाताला काही कळत नाही. आई विचारायला जावी तर आईलाही ठाऊक नाही, तिचं डोकंही सोड्यानं सरळ. आजीला तापवलेला कंगवा ठाऊक. त्याच्या मागं गेलं तर गुलामी. आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेल्या माणसांबरोबर त्यांच्या फण्या आल्या नव्हत्या. मेंढीची लोकर पिंजायच्या फणीनं आम्ही केस विंचरत होतो, असं गुलामीतून सुटलेल्या म्हाताऱ्यांनी सांगून ठेवलंय. म्हणजे बघा, गुलामी नुसती लाज देत नाही. ज्याची लाज वाटायला लावलीय त्याची निगा कशी राखायची, ते ज्ञानही हातातून काढून घेते. मग केस तुटतात, गुंततात, आणि मालक म्हणायला मोकळा की बघा, मुळातच वाईट.

मुळात वाईट काही नसतं. कुरळ्या केसाचं साधं शास्त्र आहे. डोक्याच्या कातडीतून सुटणारं तेल सरळ केसावरून खाली उतरतं. स्प्रिंगसारख्या केसात ते वळणावळणाला अडकतं, टोकाला पोचत नाही. म्हणून हा केस कोरडा. प्रत्येक वळण ही मोडायची जागा. असल्या केसात बारीक दातांची फणी कोरडीच वरून खाली ओढली की पोर रडणार, केस तुटणार, आईचा जीव कावणार. चूक फणीची असते हो, केसाची नाही. ती फणी दुसऱ्याच्या केसासाठी घडवलेली.

मग बाई शिकायला लागते. केस ओले करायचे. कंडिशनर भरपूर चोपडायचा. डोक्याचे चार-सहा भाग पाडून चिमटे लावायचे आणि एकेक भाग सोडायचा. बोटांनी, नाहीतर रुंद दातांच्या कंगव्यानं. सुरुवात टोकाकडून, मग थोडं वर, मग आणखी वर, मुळाशी सगळ्यात शेवटी. शाम्पू रोज नाही, आठवड्या-दोन आठवड्यांनी. आधी पाणी, त्यावर तेल किंवा शिया बटर, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांचं लोणी. तेलानं ओल येत नाही, आलेली ओल फक्त टिकते. रात्री डोक्याला सॅटिनचं फडकं बांधायचं, कारण सुती उशी ओलावा पिऊन टाकते. वाळला की हा केस आखडतो, निम्म्याहून आखूड दिसतो. नवी बाई घाबरते, वाढतच नाही म्हणते. तो वाढत असतो, फक्त दिसत नसतो. काहीजणी एकदम कापत नाहीत, औषध बंद करून वाट बघतात. मग खाली मेलेला सरळ केस आणि वर जिवंत कुरळा, आणि दोन्ही जिथं भेटतात तिथंच तो तुटतो. हे वाचायला पाच मिनिटं लागली. शिकायला वर्ष जातं. त्या वर्षात बाई सतरा वेळा म्हणते, मरू दे, लावते पुन्हा मलम.

'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी सांगितलंय ते इथं आठवा. साताऱ्यात न्हाव्यांचा तोटा नव्हता, पैसे द्यायची ऐपतही होती. पण अस्पृश्याच्या डोक्याला न्हावी हात लावत नव्हता. घरात केस कापायची थोरली बहीण, आणि भावांच्या डोक्यावर करून करूनच ती त्यात तरबेज झाली. ही बहीण मला फार मोठी वाटते. तिच्यावर कुणी कविता केल्या नाहीत. जगानं ज्या डोक्याला हात लावायचं नाकारलं, त्या डोक्याची निगा तिनं कुणी न शिकवता शिकून घेतली. पुढं त्या डोक्यातून काय निघालं ते जग जाणतं.

हे सगळं मी अभ्यासवर्गात मांडलं तेव्हा एका पोरानं बरोबर जागी बोट ठेवलं. म्हणाला, "ताई, पण डिसेंबर १९२७ला महाडमध्ये बाबासाहेबांनी बायांना उलटं सांगितलं. लुगडं वरच्या जातीच्या बाया नेसतात तसं पायघोळ नेसा, हातातलं-गळ्यातलं ते ओझं टाका, त्यावरून तुमची जात कळते. आणि स्वतः सूट घातला. मग हे काय, रिलॅक्सरच की!"

पोरगा हुशार आहे. सोपं उत्तर देऊन त्याला गप्प करता आलं असतं, पण प्रश्न खरा आहे. गुडघ्यापर्यंतचं लुगडं आणि कथलाच्या पाटल्या आपल्या बायांच्या अंगातून उगवल्या नव्हत्या. त्या वरून घातलेल्या होत्या, गळ्यातल्या मडक्यासारख्या. त्या टाकल्यानं अंगाचं काही गेलं नाही, अंगच मोकळं झालं. सूट हा आपल्याला नाकारलेला, तो घेतला. मग कुणी म्हणेल, सरळ केसही काळ्या बाईला नाकारलेलेच, तिनंही घेतले. इथं जरा अडायला होतं. मी जो फरक धरते तो असा: सूट संध्याकाळी खुंटीला टांगता येतो आणि खालचा माणूस शाबूत असतो. बाबासाहेबांना सुटाखालच्या माणसाची लाज नव्हती. रिलॅक्सर खुंटीला टांगता येत नाही. तो घ्यायचा म्हणजे स्वतःच्या अंगातून जे उगवतं ते दर दोन महिन्यांनी मारत राहायचं. नक्कल कुणाची केली याला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. बघायचं ते हे की या नकलेचं बिल कुठं फाडलं जातं. कापडाच्या दुकानात की स्वतःच्या कातडीवर?

कातडीवर म्हणजे शब्दशः. अमेरिकेत तेहेतीस हजारांवर बायकांची जवळजवळ अकरा वर्षं पाहणी करून २०२२ साली एक अभ्यास निघाला. केस सरळ करायची औषधं कधीच न वापरलेल्या बायकांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण शंभरात १.६४ आढळलं. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५. आणि वापरणाऱ्यांत बहुसंख्य काळ्या.

कोर्टांचं तत्त्वज्ञान ऐका आता. १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये एक काळी बाई विमान कंपनीविरुद्ध उभी राहिली. बारीक वेण्या घालून कामावर येऊ नको असं तिला सांगितलं होतं. न्यायाधीश म्हणाले, आफ्रो असता तर नैसर्गिक म्हणता आलं असतं, वेण्या ही कारागिरी आहे, त्या सोडता येतात. अलाबामात एका बाईला दिलेली नोकरी २०१० साली जटांवरून परत घेतली. २०१६ साली वरच्या कोर्टानं सांगितलं की वंश बदलता येत नाही, केशरचना बदलता येते, म्हणून हा वंशभेद नव्हे. वा! ज्या केसाला बांधल्याशिवाय, वळल्याशिवाय निभाव नाही, तो केस तुझा पण त्याची निगा तुझी नाही! बदलता येतं म्हणून बदल. हेच आपण ऐकत आलोय. आडनाव बदलता येतं ना, मग कशाला सांगता? जयभीम मनात म्हणता येतो ना, मग मोठ्यानं कशाला? २०१९ साली कॅलिफोर्नियानं कायदा करून केसांवरून होणारा असा भेदभाव बंद केला. नंतर वीसहून जास्त राज्यांनी केला. सगळ्या देशासाठीचं बिल २०२२ साली खालच्या सभागृहात पास झालं आणि वरच्या सभागृहात अडलं.

बाजार काही झोपलेला नव्हता. १९९० च्या दशकात एका प्रसिद्ध केशरचनाकारानं केसांचे चार वर्ग पाडले. पहिला सरळ, दुसरा लाटांचा, तिसरा कुरळा, चौथा अगदी घट्ट. वर्गाच्या आत पोटवर्ग, ए, बी. चौथ्यातला सी मागाहून लोकांनीच जोडला. चार वर्ण आणि खाली पोटजाती, आपल्याला नवं काय? आता खुद्द नैसर्गिक केसांच्या चळवळीत तिसऱ्या वर्गवाली पोरगी जाहिरातीत झळकते आणि चौथ्यातल्या 'सी'वाली मागं उभी असते. तिच्यासाठी दहा बाटल्या. पूर्वी लाज विकत होते, आता अभिमान विकतात. गल्ला तोच.

आणि या गल्ल्यात आपल्याकडचंही नाणं आहे. तिरुपतीला भक्तांनी उतरवलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं. गल्लोगल्ली केसांवर भांडी देणारी माणसं फिरतात, बाया फणीत निघालेले गुंतवळ जपून ठेवतात आणि एक वाटी पदरात पाडून घेतात. भारतातून जाणारे हे केस फिरत फिरत काळ्या बायकांच्या डोक्यावर शिवलेही जातात. इथल्या गरीब बाईच्या डोक्यावरचं तिथल्या अपमानित बाईच्या डोक्यावर, आणि मधले सगळे गब्बर. बरं, ते घट्ट कुरळे केसही आपल्याला परके नाहीत. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० साली कॉलेज काढलं, ते १६१० साली खडकी नावानं वसवणारा मलिक अंबर हबशी होता, गुलाम म्हणून विकला गेलेला. कारवारच्या वर, यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्टीत सिद्दी माणसं आजही राहतात.

आता एक अडचण, जी अभिमानाच्या भाषणात येत नाही. ही सगळी निगा करायला वेळ लागतो. धुणं, सोडवणं, पीळ घालणं, वाळवणं, यात अर्धा दिवस सहज जातो. लहान दोन मुली असल्या तर पूर्ण दिवस. ज्या बाईला दोन पाळ्यांत काम आहे तिनं तो दिवस कुठून आणायचा? रिलॅक्सर तिला वेळही विकत होता, नुसता गोरेपणा नाही. तिनं मलम लावलं तर तिला गुलाम म्हणणाऱ्या कार्यकर्त्यानं आधी तिच्या घरी जाऊन भांडी घासावीत. बाप्यांनी केस विंचरायला शिकावं. आमच्या वर्गातल्या पोरांना मी हे सांगितलं तेव्हा निम्मे खाली बघायला लागले. आपल्या चळवळीत सभेला बाई असते, सतरंजी उचलायला बाई असते, आणि सभा चालू असताना पोरं सांभाळायला घरी कोण असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

गुलामीतही केसांसाठी एकच दिवस मिळायचा. कापसाच्या शेतात सहा दिवस डोक्याला फडकं बांधलेलं, रविवारी ते सोडायचं. झोपडीसमोर बायका एकीमागं एक बसायच्या आणि मागची पुढचीचं डोकं हातात घ्यायची. आजही तिकडं पुष्कळ घरांत केस धुवायचा दिवस रविवारच आहे. पोरगी आईच्या दोन गुडघ्यांमध्ये खाली बसते, मान वाकवते. आई पाणी मारते आणि टोकाकडून सोडवायला लागते.